‘माझा नंबर आलाच नाही’: ब्लूग्रास जॅमवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्या रात्रीच वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण आधी मला माझाच लेख पुन्हा वाचावा लागला, आणि वाचताना दोन ठिकाणी मान खाली गेली.

ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्लूग्रास हे अमेरिकेतलं बँजो, मँडोलिन, गिटार आणि फिडल (म्हणजे व्हायोलिनच) यांवरचं संगीत, आणि जॅम म्हणजे ते मिळून वाजवायला जमलेल्या हौशी मंडळींची बैठक. मी राहते त्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या अशा जॅमबद्दल मी लिहिलं होतं की वाद्य घेऊन या, वर्तुळात बसा, कुणी तुमचं नाव-गाव विचारणार नाही. ही शतकांची लोकपरंपरा आहे असं म्हटलं होतं, आणि मिरजेतल्या आमच्या भजनी मंडळाची आठवण काढली होती. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘मी या उन्हाळ्यात गिटार घेऊन अशाच एका जॅमला गेलो. दोन तास बसलो, माझा नंबर आलाच नाही. पाच फिडलवाले एकच गत दहा-दहा मिनिटं वाजवत होते, गाणं एकही नाही, माझ्याकडे कुणी मान वर करून बघितलंही नाही. हे गोऱ्यांचं बंदिस्त वर्तुळ आहे. १९४५ साली रेडिओसाठी बनवलेल्या धंदेवाईक संगीताला तुम्ही लोकपरंपरा म्हणता. बँजो मूळचा काळ्या लोकांचा, त्याबद्दल अवाक्षर नाही. भजनाशी तुलना तर अतिच झाली.’

बँजोचं आधी घेते, कारण तिथे चूक सरळसरळ माझी आहे. हे वाद्य पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर इकडे आलं. भोपळा, त्यावर ताणलेलं कातडं आणि काठीचा दांडा, असं त्याचं मूळ रूप. मी मिरजेची, त्यामुळे वाद्याचा भोपळा म्हटलं की सतारमेकर गल्लीतले वाळत ठेवलेले भोपळे डोळ्यांसमोर येतात, आणि हा धागा मला तरी दिसायलाच हवा होता. बँजोची पाचवी तार दांड्याच्या मधूनच सुरू होते. ती आखूड असते आणि अंगठ्याखाली एकच उंच सूर देत राहते. तीही आफ्रिकेतल्या वाद्यांकडूनच आलेली आहे.

ज्यांना ब्लूग्रासचे जनक म्हणतात ते बिल मन्रो केंटकीतल्या रोझीनचे. पोरवयात ते आर्नल्ड शुल्ट्झ या काळ्या वादकाबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचे, आणि शुल्ट्झ यांचं ऋण ते पुढे उघडपणे मान्य करत. शुल्ट्झ १९३१ साली गेले. त्यांच्या वादनाचं एकही ध्वनिमुद्रण नाही. ज्या हाताचं वळण एवढ्या लोकांच्या हातांत उतरलं, तो हात आपल्याला कधीच ऐकायला मिळणार नाही, हे मला फार लागतं. माझ्या घरापासून तासाभराच्या आत मेबन आहे. तिथे जो थॉम्पसन हे काळे फिडलवादक २०१२ पर्यंत हयात होते, आणि गायिका-बँजोवादक रिअ‍ॅनन गिडन्स आणि तिचे साथीदार त्यांच्या घरी जाऊन त्यांच्यासमोर बसून शिकले. त्याच गिडन्सने २०१७ मध्ये रॉलीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेच्या परिषदेत बीजभाषण केलं आणि हा इतिहास सगळ्यांसमोर मांडला. २०२० मध्ये शुल्ट्झ यांच्या नावाने एक निधीही सुरू झाला. हे सगळं मला माहीत होतं. लेख गोड व्हावा म्हणून मी ते गाळलं, आणि ते चुकलं. वर्तुळात काळा चेहरा मला आजही क्वचितच दिसतो, हेही लिहायला हवं होतं. लेखात आता दुरुस्ती केली आहे.

‘शतकांची’ हा शब्दही काढून टाकला. मन्रो १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात आले. डिसेंबर १९४५ मध्ये आमच्याच राज्यातल्या शेल्बीजवळचा, एकवीस वर्षांचा अर्ल स्क्रग्ज त्यांच्या बँडमध्ये तीन बोटांची बँजोची ढब घेऊन आला. आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो तो बाज तेव्हा पक्का झाला. बँडचं नाव ‘ब्लू ग्रास बॉइज’, ते केंटकीच्या टोपणनावावरून घेतलेलं, आणि पुढे त्या बँडवरून संगीताला नाव पडलं. आपल्याकडे घराण्याला गावाचं नाव चिकटतं तसंच.

पण पैशासाठी जन्मलं म्हणून ते लोकांचं नाही, हे मला पटत नाही. किर्लोस्करांनी १८८० साली संगीत नाटक उभं केलं ते तिकीट लावूनच. तीच पदं नंतर माझी आजी पोळ्या लाटताना गुणगुणायची. इथेही तसंच झालं. १९६५ च्या सप्टेंबरात कार्लटन हेनी यांनी व्हर्जिनियातल्या फिनकॅसलजवळ एका घोड्यांच्या फार्मवर सलग काही दिवसांचा ब्लूग्रास महोत्सव भरवला. असा तो पहिलाच मानतात. त्यानंतर महोत्सवांची रीतच पडली, आणि लोक ऐकायला येताना आपापली वाद्यं घेऊन येऊ लागले. व्यासपीठावरचं संपलं की गाड्यांच्या मधल्या जागेत रात्रभर वाजवणं सुरू. २०१३ ते २०२४ या काळात ब्लूग्रास संघटनेचा वार्षिक मेळा रॉलीत भरत होता. त्या आठवड्यात हॉटेलच्या लॉबीत, जिन्यात, लिफ्टच्या दाराशी पहाटे तीनलाही मँडोलिन ऐकू यायची. आता मेळा टेनेसीतल्या चॅटनूगाला गेला. सप्टेंबर उजाडला की मला चुकल्यासारखं होतं.

आता तुमच्या त्या दोन तासांकडे येते. तुमची प्रतिक्रिया मी तिसऱ्यांदा वाचली तेव्हा लक्षात आलं. पाच फिडल, गाणं एकही नाही, एक गत दहा मिनिटं, मधे एकट्याने कुणीच वाजवत नाही. बँजोवाल्याने बोटांत नख्या घातल्या नव्हत्या ना? पंजा वाकवून नखाने वरून खाली मारत होता ना? अहो, तुम्ही ब्लूग्रासच्या जॅमला गेलाच नव्हतात. तो ओल्ड-टाइमचा जॅम होता.

बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींत फिडल, बँजो, गिटार दिसतात, म्हणून सगळे एकाच नावाने हाक मारतात. पण रीत अगदी वेगळी. ओल्ड-टाइम हे ब्लूग्रासच्या आधीचं, याच डोंगराळ भागातलं नाचाचं वादन. त्यात नंबर नसतोच. चालीचा पहिला भाग दोनदा, दुसरा दोनदा, की एक फेरी, आणि अशा पंधरा-वीस फेऱ्या सगळ्यांनी मिळून वाजवायच्या. फिडल आणि बँजो त्या-त्या पट्टीसाठी मुद्दाम वेगळे लावलेले असतात, म्हणून तासतासभर पट्टीही बदलत नाहीत. माना खाली असतात कारण प्रत्येकाचा कान फिडलच्या गजाकडे लागलेला असतो. आठव्या-नवव्या फेरीला आपण वाजवतोय हे विसरायला होतं, आणि त्यासाठीच ते लोक तिथे बसलेले असतात. शिवाय तिथे गिटार एकच पुरे असं बरेच जण मानतात. तुम्ही दुसरी गिटार घेऊन बसला असाल तर तुम्हाला हळूच वाजवू देणं हीच त्यांची आतिथ्याची पद्धत. व्हर्जिनियातल्या गॅलॅक्सला १९३५ पासून फिडलवाल्यांचं संमेलन भरतं. तिथल्या स्पर्धेतसुद्धा ब्लूग्रास बँजो आणि ओल्ड-टाइम बँजो असे दोन वेगळे गट असतात.

ब्लूग्रासच्या वर्तुळात मात्र नंबर येतो, आणि चुकवायचा म्हटला तरी येतो. ज्याने गाणं सुचवलं तो त्या गाण्यापुरता मालक. तो पट्टी सांगतो. ‘ए’ म्हणाला की आपली पांढरी सहा. कुणाला गाणं येत नसेल तर तीन बोटांत सांगून होतं: एक, चार, पाच. म्हणजे सा, म आणि प यांवरचे कॉर्ड, बहुतेक गाणी एवढ्यात बसतात. कडवं संपता संपता तो शेजाऱ्याकडे बघून मान हलवतो. शेजाऱ्याने त्या कडव्याएवढं एकट्याने वाजवायचं, त्याला ब्रेक म्हणतात. मग पुढचं कडवं, मग पुढचा शेजारी. गाणाऱ्याचा आवाज ऐकू येत नसेल तर चूक आपली. शेवट जवळ आला की मालक एक पाय उचलून पुढे धरतो आणि सगळे एकदम थांबतात.

मी पहिल्यांदा गेले ते एका वाद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो. बेस पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर ‘धम्’ करतो आणि मधल्या रिकाम्या जागेत मँडोलिन ‘टक्’ करते. तारा छेडून लगेच डाव्या हाताची बोटं सैल सोडायची, म्हणजे आवाज जागच्या जागी तुटतो. याला चॉप म्हणतात. मी तास-दीड तास तेवढंच केलं. मग समोरच्या आजोबांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी नको म्हणून मान हलवली, नंबर पुढे सरकला, कुणाला काही वाटलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा भुवई उडवली. या वेळी मी घेतलं. पहिल्या ओळीतले सूर बरोबर आले, दुसऱ्या ओळीत बोटं अडकली, तेव्हा मी चॉपवर परत आले. बेसवर एक बाई होत्या, त्यांनी तेवढ्यापुरता हात जरा दाबून वाजवला आणि मला मात्रेवर धरून ठेवलं. माझा ब्रेक झाला तशी त्या पुन्हा हळू झाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

भजनाची तुलना मी यासाठीच केली होती, आणि ती मागे घेत नाही. बाबा पंचवीस वर्षं गुरुवारच्या भजनाला टाळ धरायचे. नवा माणूस आला की त्याला मागच्या रांगेत जागा आणि हातात टाळ मिळायचा. चाल शिकवत कुणी बसायचं नाही. तो ठेक्यात राहतो का, दुसऱ्याच्या आवाजावर आपला चढवतो का, एवढं सगळे न बघता बघत असायचे. मग कधीतरी एखाद्या अभंगाला बुवा त्याच्याकडे नजर टाकायचे, आणि पुढची ओळ त्याची. भक्तीची बरोबरी मी करत नाही. त्या नजरेची करते. ती भुवई मला ओळखीची वाटली म्हणून मी त्या खोलीत दुसऱ्यांदा गेले.

तरीही तुमचा राग जागेवर आहे, कारण तिथल्या एकानेही तुम्हाला सांगितलं नाही की इथे नंबर नसतो. दोन गतींच्या मधे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. ज्यांचं लहानपण या वर्तुळांत गेलंय त्यांना वाटतं हे सगळ्यांना माहीतच असतं. ‘कुणी नाव-गाव विचारणार नाही’ हे मी कौतुकाने लिहिलं, पण दूरच्या देशातून आलेल्या, कुणालाच न ओळखणाऱ्या माणसाला तेच गप्प राहणं दार लावल्यासारखं वाटतं. आणि रंगाचा प्रश्न त्यानेही मिटत नाही. एका शिबिरात एका गृहस्थांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, ‘तुम्ही काय वाजवता?’ मँडोलिनची पेटी माझ्या खांद्याला होती. नवरा काहीच वाजवत नाही. संध्याकाळी तेच गृहस्थ माझ्याच वर्तुळात होते, आणि त्यांच्या गाण्यात त्यांनी मला ब्रेक दिला. मी घेतला. दुपारचा प्रश्न त्याने पुसला गेला नाही, आणि ब्रेकही खोटा नव्हता. दोन्ही माझ्याजवळ आहेत. बंदिस्त म्हणाल तर मी नाही म्हणेन, पण तुम्ही तसं का म्हणालात ते मला कळतं.

तुमच्या प्रतिक्रियेनंतर मी आमच्या जॅममध्ये एक गोष्ट सुरू करायला लावली. नवा चेहरा दिसला की पहिल्या गाण्याआधी कुणीतरी एकाने त्याच्या शेजारी बसायचं आणि मान, बोटं, पाय या तिन्ही खुणा सांगायच्या. गेल्या वेळी ते काम माझ्याकडे होतं. एक कॉलेजातला मुलगा आला होता. त्याला तिसऱ्या गाण्याला ब्रेक मिळाला.

तुम्ही या भागात असाल तर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी आमच्या गॅरेजमध्ये संथ लयीतला जॅम असतो. निरोप पाठवा, पत्ता देते. गिटार घेऊन या आणि माझ्या डाव्या हाताला बसा, म्हणजे माझ्यानंतर नंबर तुमचा. पहिलं गाणं तुम्हीच सुचवा, मराठी असलं तरी चालेल, एक-चार-पाचात बसलं म्हणजे झालं. पांढरी पाच धरू, गिटारीला सोपी पडते. कॅपो (पट्टी चढवायला गिटारच्या दांड्यावर लावायचा चिमटा) असू द्या जवळ, पुढे कुणीतरी पांढरी सात मागतंच. आणि तारा बदलायच्या असतील तर आदल्या दिवशीच बदला. त्याच दिवशी चढवलेल्या तारा संध्याकाळपर्यंत उतरत राहतात.