तेरा लाखांच्या कापसावर बावीस लाखांचा कर

२०२४ च्या तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे काकाजी बँकेत पैसे काढायला गेले अन् रिकाम्या हातानं परत आले. खात्याला होल्ड लागला होता. काउंटरवरून एवढंच कळलं की इन्कम टॅक्सची थकबाकी आहे, साधारण बावीस लाख चाळीस हजार. यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर तालुक्यातला कास्तकार माणूस. जन्मात कधी रिटर्न भरला नाही, कारण शेतीच्या उत्पन्नावर कर लागत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या रात्री ते मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते, "बाबू, आपलं वावर जाते का रे?"

झालं काय होतं ते सांगतो, कारण असे कागद आपल्याकडे अजून कित्येक घरांत येऊन पडले असतील.

२०१८-१९ मध्ये तिघा भावांच्या चोवीस एकरांतला कापूस, तूर, सोयाबीन, सगळ्याचा पैसा काकाजींच्या एकाच बचत खात्यात जमा झाला. वर्षभरात रोख तेरा लाख चाळीस हजार. बचत खात्यात एका आर्थिक वर्षात दहा लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली की बँकेला ते आयकर खात्याला कळवावंच लागतं. आयकर खात्यानं २०२३ मध्ये विचारणा केली, नोटीस काढली. ती गेली ईमेलवर. अन् तो ईमेल होता पॅन कार्ड काढून देणाऱ्या ऑनलाइन सेंटरवाल्याचा! काकाजींना ईमेल म्हणजे काय तेच ठाऊक नाही. उत्तर गेलं नाही, म्हणून मार्च २०२४ मध्ये एकतर्फी आदेश निघाला: एवढी रोख कुठून आली त्याचा खुलासा नाही. खुलासा नसलेल्या पैशावर तेव्हाच्या नियमानं साठ टक्के कर, त्यावर अधिभार, उपकर, मिळून ७८ टक्के. वरून पाच वर्षांचं व्याज. म्हणून भरलेल्या पैशापेक्षा कर जास्त.

आता माझं म्हणणं. असा कागद हाती आला की पहिल्याच आठवड्यात करकायदा जाणणारा वकील किंवा अपिलाची कामं करणारा सीए गाठा. आम्ही तसं केलं नाही, त्याचा मला आजही त्रास होतो. गावात कोणीतरी सांगितलं, "एक माणूस हाय, साहेबाशी बोलून पन्नास हजारात मिटवून देते." पंधरा हजार ॲडव्हान्स दिले. पावती नाही, कागद नाही. दोन महिने तो "होते, होते" म्हणत राहिला, मग फोन उचलायचा बंद झाला. सावकाराशी तोडजोड होते तशी आयकरात होत नाही. आदेशाची रक्कम कमी होते ती अपिलात, दुरुस्तीच्या अर्जात, व्याजमाफीच्या अर्जात, नाहीतर सरकारनं एखादी योजना काढली तर. सगळं लेखी. अन् थकबाकीवर दरमहा एक टक्का व्याज चढत असते. म्हणजे आमचे ते दोन महिने पंधरा हजारांवर थांबले नाहीत, व्याजाचे चव्वेचाळीस हजारांच्या वर अजून अंगावर आले.

शेवटी अमरावतीच्या एका वकिलांकडे गेलो. फी ऐकून काकाजींचा चेहरा पडला: पस्तीस हजार, दोन हप्त्यांत. पण त्यांनी काय काय करणार ते कागदावर लिहून दिलं, पैशाची पावती दिली. पहिला प्रश्न विचारला, "पट्ट्या हायेत का?" म्हणजे माल विकल्याच्या पावत्या.

काकूनं माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. झाकण उघडल्याबरोबर जुन्या सरकीचा वास. बाजार समितीच्या पट्ट्या, जिनिंगवाल्याच्या काटापट्ट्या, काहींचे कोपरे उंदरानं खाल्लेले, काहींची शाई उडालेली. वकिलांनी त्या तारखेप्रमाणे टेबलावर मांडल्या, पासबुक उघडलं अन् एकेका भरण्यासमोर पेन्सिलीनं खूण करत गेले. चार तास. मधेच थांबून म्हणाले, "हे तीन लाख फेब्रुवारीत काढले अन् मार्चमध्ये परत भरले?" लग्न लांबलं होतं आमच्या ताईचं! तोच पैसा परत खात्यात गेला, आदेशात तो नव्यानं धरला. आम्हा कोणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. वकिलाची फी कशासाठी असते ते मला त्या टेबलापाशी कळलं.

अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांची. ती उलटून गेली होती, म्हणून उशीर माफ करण्याचा अर्ज शपथपत्रासह जोडला. अपिलाची सरकारी फी फक्त एक हजार रुपये! वसुली थांबवायला साधारणपणे वीस टक्के भरायला सांगतात, आमच्या हिशोबानं साडेचार लाख. काकाजी बैलजोडी अन् दोन एकर विकायला निघाले होते. वकिलांनी अडवलं, वरच्या अधिकाऱ्याकडे अर्ज केला. दीड लाख हप्त्यानं भरायचे ठरले, खातं मोकळं झालं.

प्रत्येकच कागदाला वकील लागत नाही, हेही सांगतो. टीडीएस जुळत नाही, नाव चुकलं, असल्या गोष्टी गावाजवळचा चांगला कर सल्लागार करून देते. आदेश झाला, मागणी निघाली, अपील करायचं आहे, तिथं मात्र कंजुशी करू नका. अन् वकील केला तरी आयकराच्या पोर्टलचा पासवर्ड, मोबाईल नंबर, ईमेल घरच्याच माणसाचा ठेवा. जो म्हणते "माझी ओळख हाय, रक्कम शून्य करून देतो", त्याच्याकडून उठून या. आमच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ज्या रकमेची पट्टी सापडणार नाही तिच्यावर कर लागू शकते. त्यांच्यावर विश्वास बसला तो तिथं.

मले राग येते तो या गोष्टीचा की कर्जाची नोटीस असो की कराची, आपला शेतकरी ती लाजेनं उशीखाली ठेवते. काकाजींनी होल्डची गोष्ट काकूलाही चार दिवस सांगितली नव्हती. जेवत नव्हते. आपल्या भागात माणूस कर्जापायी काय करून बसते ते मी वेगळं लिहायला नको. अशा वेळी कोणी जाणकार समोर बसून "वावर आज जात नाही, आधी कागद पाहू" एवढं म्हणते, तर माणूस त्या रात्री झोपते.

अपिलात एकतर्फी आदेश रद्द झाला अन् प्रकरण नव्यानं तपासायला परत गेलं. गेल्या आठवड्यात आमचं उत्तर पोर्टलवर चढवलं: सातबारे, पीकपेरा, पट्ट्या, दोन्ही भावांची शपथपत्रं, एकशे सव्वीस पानं. नोंदणीला आता माझा ईमेल आहे. काकाजी रोज सकाळी फोन करून विचारतात, "आलं का काही?"