गेकोला चुना देऊ नका: फिरत्या संदेशातील ‘घरगुती उपायां’विषयी

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला वेंगुर्ल्याहून माझ्या भाचीचा फोन आला. तिच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारा मुलगा नोकरीसाठी गाव सोडून गेला आणि जाताना काचेच्या पेटीतला लेपर्ड गेको, म्हणजे हौसेने पाळतात ती ठिपक्यांची पाल, तसाच मागे टाकून गेला. घरमालक तो परसात सोडून देणार होते, म्हणून हिने पेटी उचलून घरी आणली. चार वर्षांपूर्वी अशाच एका टाकून दिलेल्या गेकोची मी रत्नागिरीत सात महिने शुश्रूषा केली होती, हे तिला ठाऊक होते. पण तिने फोन केला तो उपाय विचारण्यासाठी नव्हे, तर उपायाचे माप विचारण्यासाठी. “मावशी, पानवाल्याकडून चुना आणून ठेवलाय. गव्हाच्या दाण्याएवढा म्हणजे नेमका किती गं?”

तो संदेश तिला एका दिवसात तीन ठिकाणांहून आला होता आणि नंतर तो माझ्याकडेही आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: पाळीव पालीचे किंवा गेकोचे पाय वाकले, जबडा मऊ पडला, अंग थरथरू लागले, तर ती कॅल्शियमची कमतरता समजावी. डॉक्टरकडे हजारो रुपये घालवू नयेत. गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना पाण्यात कालवून ड्रॉपरने पाजावा, रोज चमचाभर दूध द्यावे, पेटी दुपारच्या उन्हात ठेवावी, वाकलेले पाय कोमट तेलाने चोळून सरळ करावेत, माणसांच्या ड जीवनसत्त्वाच्या पुडीतली चिमूट द्यावी, सुकट कुटून खायला घालावी. शेवटी एक सवाल आहे: भिंतीवरच्या पालीला कोण पावडर घालते?

संदेशातले निदान बरोबर आहे, हे मला मान्य करावे लागते. वाकलेले पाय, रबरासारखा जबडा आणि बोटांची थरथर ही कॅल्शियम कमी पडल्याचीच लक्षणे आहेत. पण पहिली ओळ खरी निघाली की पुढच्या ओळींवरही माणूस डोळे मिटून विश्वास ठेवतो आणि इथे पुढचे जवळजवळ सगळे उपाय त्या जिवाला अपाय करणारे आहेत.

चुन्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. चुना म्हणजे काय, हे किनारपट्टीवरच्या माणसाला तरी सांगावे लागू नये, कारण खाडीकाठी शिंपले भाजून चुना पाडणाऱ्या भट्ट्या आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिल्या आहेत. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अगदी निरुपद्रवी पदार्थ. तो भट्टीत भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो कळीचा चुना. त्यावर पाणी ओतले की तो फसफसतो, भांडे हात लावू नये इतके तापते आणि तयार होते कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे पानाला लावतात तो चुना. शुद्ध पाण्याचा सामू (पीएच) ७ असतो, चुन्याच्या निवळीचा १२ च्या वर जातो. हा दाहक पदार्थ आहे. चुन्याची पुडी दाबताना ती फुटून लहान मुलांचे डोळे भाजल्याच्या घटना आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांना चांगल्याच परिचयाच्या आहेत. पान खाणारा माणूससुद्धा नखाएवढाच चुना लावतो, त्यावर कात आणि पानाचा रस असतो आणि तरीही जरा जास्त झाला की त्याचे तोंड भाजते. असे असताना २० ग्रॅम वजनाच्या, पोटात अन्न नसलेल्या, जबडा धड मिटता न येणाऱ्या जिवाच्या तोंडात ते पाणी सोडायला सांगणे म्हणजे त्याचे तोंड, घसा आणि अन्ननलिका जाळायला सांगणे आहे. त्यातच गेकोच्या श्वासनलिकेचे तोंड घशात खोल नसते, ते जिभेच्या अगदी मागेच असते. ड्रॉपरने जोरात सोडलेले साधे पाणीसुद्धा त्यात शिरू शकते, मग चुन्याचे पाणी शिरले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

‘चुन्यात कॅल्शियम असते’ हे वाक्य खोटे नाही, आणि घोटाळा तिथेच आहे. गेकोला कॅल्शियम लागते ते न भाजलेल्या शिंपल्यातले, म्हणजे कार्बोनेटच्या रूपातले. दुकानात मिळणारी सरपटणाऱ्या प्राण्यांची बहुतेक कॅल्शियम पावडर हीच असते. पुळणीवर वाहून येणारा समुद्रफेन, म्हणजे माकुलाच्या जातीतल्या प्राण्याच्या आतले पांढरे हलके कवच, हेही तेच आहे. पावडर मिळेपर्यंत तो गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून, उकळून, वाळवून सुरीने त्याची बारीक पूड खरवडली आणि ती किड्यांना लावली, तर मी हरकत घेणार नाही. संदेश लिहिणाऱ्याने चुन्याऐवजी एवढे लिहिले असते, तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

दुसरा घातक उपाय तेल लावून पाय सरळ करण्याचा. हाडे वाकतात ती का, हे समजले की असा सल्ला कोणी देणार नाही. रक्तातले कॅल्शियम एका ठरावीक पातळीखाली गेले तर स्नायू आणि हृदय चालत नाही, म्हणून गळ्याजवळच्या परावटु ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात आणते. हाड आतून पोकळ होत जाते आणि त्या जागी तंतूंचा मऊ पदार्थ भरतो. १९५५ पासून प्रसिद्ध होत आलेल्या आणि जगभरचे पशुवैद्य वापरतात त्या मर्क व्हेटरनरी मॅन्युअलमध्ये हा विकार सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रकरणात दिलेला आहे. आहारातले अपुरे कॅल्शियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे बिघडलेले प्रमाण आणि ड३ जीवनसत्त्वाचा किंवा ते घडवणाऱ्या यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या एका प्रकारच्या अतिनील किरणांचा अभाव, अशी त्याची कारणे तिथे सापडतील. वात, थंडी किंवा आखडलेले स्नायू यांचा त्याच्याशी संबंध नाही.

माझ्याकडे आलेल्या गेकोला मी आंबा घाटाने एसटीने कोल्हापूरला नेले होते. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, तेव्हा पाठीचा कणा पुसट रेघेसारखा दिसत होता आणि मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडलेले होते. त्याला कोणी पाडले नव्हते. नुसते उचलताना, पेटीतल्या फांदीवरून उतरताना ते मोडले असावे, असे डॉक्टर म्हणाले. खालचा जबडा बोटाने हळूच दाबला तर तो ओल्या पुठ्ठ्यासारखा आत जात असे. अशा पायाला तेल लावून ‘सरळ’ करणे म्हणजे तो मोडणे. वाकलेले हाड पुढे टणक होते, पण बहुधा वाकडेच राहते. माझा गेको शेवटपर्यंत पुढचा डावा पाय बाहेर टाकून चालला आणि त्याने त्याचे काही बिघडले नाही.

बोटांची थरथर दिसली तर तेल, चुना, ऊन या कशातच वेळ घालवू नये. रक्तातले कॅल्शियम धोक्याच्या खाली गेल्याची ती खूण असते. अशा वेळी डॉक्टर कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन देतात आणि अंगातले पाणी कमी झाले असेल तर तेही भरून काढतात. हे काम घरी करण्याचे नाही.

दुधाविषयी फार लिहीत नाही. सरपटणारे प्राणी पिल्लांना दूध पाजत नाहीत, दुधातली साखर पचवण्याची सोय त्यांच्या पोटात नसते. नागपंचमीला तहानलेला नाग दूध पितो म्हणून ते त्याचे अन्न ठरत नाही, हे आपल्याकडे कितीतरी वर्षे सांगितले जात आहे. आधीच सुकलेल्या गेकोला त्याने जुलाब होतात आणि तो आणखी सुकतो.

ड जीवनसत्त्वाच्या पुडीने मात्र मी हादरले, कारण ती पुडी घरोघरी असते. त्या एका पुडीत ६०,००० युनिट असतात आणि मोठा माणूस ती साधारणपणे आठवड्यातून एकदा घेतो. चिमूट म्हणजे तिचा दहावा भाग धरला तरी ६,००० युनिट, आणि ते २० ग्रॅमच्या जिवाला द्यायचे. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही. ते जास्त झाले की रक्तातले कॅल्शियम बेसुमार वाढते आणि मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत त्याचे थर बसतात. ड३ गेकोला हवेच, पण ते त्यांच्यासाठी बनवलेल्या पावडरीतले आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने.

उन्हाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, तेवढे मी मान्य करते. यूव्हीबी किरण अंगावर पडले की कातडीत ड३ तयार होते. लेपर्ड गेको दिवसा दडून बसणारा आणि संधिप्रकाशात हिंडणारा असला तरी त्याला याचा उपयोग होतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्या लेपर्ड गेकोंना रोज दोन तास यूव्हीबी मिळाले, त्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व जास्त आढळले होते. पण खिडकीच्या आणि पेटीच्या साध्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही, येते ती फक्त उष्णता. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारी अंगणात ठेवलेली काचेची पेटी काही मिनिटांत भट्टी होते आणि आतल्या जिवाला पळायला जागा नसते. द्यायचेच तर सकाळचे कोवळे ऊन द्यावे, ते काचेच्या पेटीत नव्हे, तर जाळीच्या डब्यात, अर्धा डबा सावलीत ठेवून आणि स्वतः शेजारी बसून. पावसाळ्यात तेही मिळत नाही, तेव्हा यूव्हीबीचा दिवाच लागतो.

सुकटीत कॅल्शियम असते, पण तिच्यात समुद्राचे मीठही असते. शिवाय गेको हलणारे भक्ष्य पकडतो, कुटलेल्या जवळ्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही.

आता भिंतीवरच्या पालीचा सवाल. तो लोकांना पटतो, म्हणून त्याचे उत्तर द्यायला हवे. आपल्या घरातली पाल रोज पाच-पन्नास जातींचे किडे, पतंग, कोळी खाते आणि मनाला येईल तेव्हा उन्हाच्या कवडशात जाते. अंडी घालणाऱ्या पालीच्या मानेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके फुगवटे दिसतात, ते कधीतरी नीट पाहावेत. ती कॅल्शियमची साठवण असते आणि तिच्या कडक कवचाच्या अंड्यांसाठी ती वापरली जाते. लेपर्ड गेको हा मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ भागातला. त्याची अंडी मऊ, चामड्यासारख्या कवचाची असतात आणि मानेत अशी साठवण दिसत नाही. पेटीतल्या गेकोला वर्षभर एकाच जातीच्या अळ्या मिळतात. किड्यांचे कवच हाडासारखे कॅल्शियमचे नसते, ते कायटिनचे असते, आणि अळ्यांत, रातकिड्यांत कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो. प्रमाण हवे कॅल्शियम दोन भाग आणि फॉस्फरस एक भाग, निदान दोन्ही समसमान. पावडर लागते ती यासाठी.

डॉक्टरांचा खर्च ही तक्रार मात्र खरी आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात गाई-म्हशींचे डॉक्टर मिळतात, गेको तपासणारा सहज मिळत नाही. त्यामुळेच असे संदेश पसरतात, हेही मला कळते. पण कोल्हापूरच्या दोन फेऱ्या सोडल्या तर माझा बाकीचा खर्च फारसा नव्हता. काम होते ते रोजचे. पेटीतली वाळू आणि फांद्या काढून खाली साधा कागद घातला. उबेच्या बाजूला थर्मोस्टॅटवर ३२ अंश राखले, कारण ऊब नसेल तर अन्न पचत नाही. रातकिड्यांना आदल्या दिवशी शेवग्याचा पाला घातला, मग डबीत पावडर टाकून त्यांना हलवले. जबडा चावू शकत नव्हता, तोवर नुकतीच कात टाकलेल्या, पांढऱ्या मऊ अळ्या निवडून चमच्यावर दिल्या. जुलैत आपल्या दमट हवेने पावडरीचा गोळा होतो आणि ती किड्यांना चिकटत नाही, म्हणून डबीत कापडात बांधलेले भाजके तांदूळ ठेवले. दर रविवारी ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर वजन केले. २१ ग्रॅमवरून ४८ ग्रॅमवर यायला सात महिने लागले.

एक गोष्ट त्या संदेशात कुठेच नाही. सापडलेली ठिपक्यांची पाल पाळलेलीच असेल असे नाही. लेपर्ड गेकोच्याच कुळातली एक रानटी जात महाराष्ट्रात आढळते, तेव्हा आधी वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि ते सांगतील तसे करावे. भाचीने दुसऱ्या दिवशी सकाळी तेच केले आणि मग त्यांना सांगून आंबोलीमार्गे कोल्हापूर गाठले. इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी बोटांची थरथर थांबली. जबडा अजून मऊ आहे. काल संध्याकाळी त्याने चमच्यावरची पांढरी अळी स्वतःहून उचलली, दोनदा तोंडातून पाडली आणि तिसऱ्यांदा गिळली. वजन १८ ग्रॅम आहे. पुढचा एक्स-रे सहा आठवड्यांनी आहे.