विधेयक समितीत असतं, तेव्हा आमदारांना लिहा

१० जुलै २०२५ ला विधानसभेत जनसुरक्षा विधेयक, म्हणजे सरकारला संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार देणारं विधेयक, आवाजी मतदानानं मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी विधान परिषदेतही. त्या दोन दिवसांत माझी भिंत संतापाच्या पोस्टींनी भरून गेली. संताप रास्त होता, माझाही तोच होता. पण त्यातल्या ओळखीच्या बऱ्याच जणांना मी एकच विचारलं, १ एप्रिलच्या आत समितीला पत्र पाठवलं होतंत का? बहुतेकांना अशी काही समिती होती हेच ठाऊक नव्हतं. रोज दोन पेपर वाचणारी, मोर्चांना जाणारी, मुलांना संविधानाची उद्देशिका पाठ करून घेणारी माणसं ही.

म्हणून आज सविस्तर लिहितेय. लांबलं तरी वाचा.

हे विधेयक पहिल्यांदा आलं जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात. तेव्हा मंजूर झालं नाही. निवडणूक झाली, नवी विधानसभा आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला ते पुन्हा मांडलं गेलं. त्याच वेळी ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे सोपवण्यात आलं. अध्यक्ष महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे. जयंत पाटील, नाना पटोले, जितेंद्र आव्हाड असे विरोधी पक्षांचे सदस्यही समितीत होते. समितीनं लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या, मुदत १ एप्रिल २०२५. आल्या बारा हजारांहून थोड्या जास्त. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. अकरा कोटींतून बारा हजार.

आणि तरीही त्या बारा हजारांनी काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. मूळ मसुद्यात ‘व्यक्ती आणि संघटना’ असा शब्दप्रयोग होता, म्हणजे एकटादुकटा माणूसही त्यात येत होता. समितीनंतर तो बदलून ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ असा झाला. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. संघटनेवरची बंदी तपासणारं सल्लागार मंडळ कोणाचं असावं यातही बदल झाला. माझ्या मते हे बदल अपुरे आहेत. ‘बेकायदेशीर कृत्य’ म्हणजे काय याची व्याख्या आजही इतकी सैल आहे की एखादं शांततेचं आंदोलनही तिच्यात ओढता येईल, आणि ‘तत्सम’ हा शब्द कुठपर्यंत ताणला जाईल हे कोणीच सांगू शकत नाही. हा कायदा या रूपात व्हायला नको होता असं माझं ठाम मत आहे. पण जे थोडं बदललं ते समितीच्या टेबलावर बदललं. विधानसभेत मतदानाच्या वेळी उघड विरोध नोंदवणारे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले जवळजवळ एकटे पडले. लढाईची जागा तोपर्यंत मागे पडली होती.

मला नेहमी ऐकवलं जातं, ‘आमदाराला लिहून काय उपयोग? व्हिप निघाला की हात वर करायचा एवढंच त्याचं काम.’ हे म्हणणं अर्धं खरं आहे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीपासून पक्षादेश, म्हणजे व्हिप, मोडून मतदान केलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणजे मतदानाच्या दिवशी आमदार खरोखरच बांधलेला असतो. मग त्या दिवसाची वाट कशाला बघायची? व्हिप लागतो सभागृहात. समितीच्या बैठकीत लागत नाही, विधिमंडळ पक्षाच्या बैठकीत लागत नाही, मंत्र्यांच्या दालनात दोन आमदार बसून ‘साहेब, या कलमावर माझ्या मतदारसंघात फार ओरड आहे’ असं सांगतात तिथे लागत नाही. सत्ताधारी आमदाराला हे वाक्य बोलायला आधार लागतो, आणि तो आधार म्हणजे त्याच्या हातातली तुमची पत्रं. म्हणूनच मी विरोधी आमदारांपेक्षा सत्ताधारी आमदारांना लिहायला सांगते. विरोधकांना मुद्दा माहीत असतो, सत्ताधाऱ्यांना त्याची झळ कळावी लागते.

आमच्या भागातल्या आमदारांच्या कार्यालयात मी पत्र घेऊन गेले होते तेव्हा स्वीय सहायकांशी बराच वेळ बोलले. टेबलावर अर्जांचा गठ्ठा होता. बदली, शाळाप्रवेश, दवाखान्याचं बिल, नळाचं कनेक्शन, गल्लीतला काँक्रीट रस्ता, लग्नपत्रिका. ते म्हणाले, ‘ताई, कायद्याबद्दल कोणी येतच नाही.’ ही कामं क्षुल्लक आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. ज्याच्या घरी पेशंट आहे त्याला दुसरं काही सुचणारच नाही. पण कायदा करणं हे ज्या माणसाचं पहिलं काम, त्याच्याकडे त्या कामासाठी कोणी फिरकत नसेल तर तो त्या कामाची तयारी तरी का करील?

आणखी एक. पदवीधर असाल आणि नाव नोंदवलेलं असेल तर विधान परिषदेत तुमचा वेगळा प्रतिनिधी आहे. परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या, ७ शिक्षकांच्या. विधेयक दोन्ही सभागृहांतून जातं, म्हणजे तुमच्याकडे दार ठोठावायला दोन दारं आहेत. शिक्षक असाल तर कदाचित तीन. पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवलेल्या किती जणांना आपल्या आमदाराचं नाव सांगता येईल? आपल्याच घरात विचारून बघा.

आता पत्राबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते. व्हॉट्सॲपवर एक तयार मजकूर फिरतो, खाली ‘आपलं नाव टाका आणि पाठवा’. असे हजार ईमेल मिळून एकच ईमेल होतो. २०१५ च्या डिसेंबरमध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं वेगवेगळ्या डेटा दरांबद्दल लोकांची मतं मागवली. त्यात नेमके प्रश्न विचारले होते. फेसबुकनं आपल्या वापरकर्त्यांकडून ‘फ्री बेसिक्स’ या ठरावीक संकेतस्थळं फुकट देणाऱ्या आपल्या योजनेच्या बाजूनं एकाच साच्याचे लाखो प्रतिसाद पाठवून घेतले. ट्रायनं स्पष्ट सांगितलं, आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ ला निर्णय आला तो फ्री बेसिक्सच्या विरोधात, भेदभाव करणाऱ्या दरांवर बंदी घालणारा. एवढी मोठी कंपनी, एवढा पैसा, तरी संख्येनं काम भागलं नाही.

याउलट महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांबद्दलचं राज्याचं शक्ती विधेयक बघा. २०२० च्या डिसेंबरमध्ये ते मांडलं तेव्हा तपास १५ दिवसांत पूर्ण करायची अट होती. घाईचा तपास म्हणजे कच्चा पुरावा, आणि कच्च्या पुराव्याचा फायदा आरोपीलाच. महिला संघटना आणि वकील यांनी त्या विधेयकावर खूप आक्षेप घेतले. तेही संयुक्त समितीकडे गेलं आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये मंजूर होताना तपासाची मुदत ३० दिवस झालेली होती. पुढे राष्ट्रपतींच्या संमतीअभावी तो कायदा झालाच नाही, ती कथा वेगळी. पण कलमावर बोट ठेवून बोललं की कलम हलतं, हे त्यातून दिसलं.

तेव्हा पत्र एका पानाचं, मराठीत, आपल्या शब्दांत. पहिल्या ओळीत विधेयकाचं नाव आणि कलम क्रमांक. मग त्या कलमानं तुमच्यावर किंवा तुमच्या गावावर नेमकं काय होईल ते. मग तुम्हाला कोणते शब्द वगळून हवेत, त्यांच्या जागी कोणते हवेत. राग लिहू नका असं नाही, पण रागाच्या आधी कलम येऊ द्या. खाली पूर्ण पत्ता लिहा, कारण तुम्ही त्या मतदारसंघातले आहात हे पत्त्यावरूनच कळतं. मूळ पत्र समितीकडे किंवा मंत्र्यांकडे, प्रत आमदारांना. प्रत स्वतः नेऊन द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच मागायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे. आठवड्यानं फोन करा.

मला खरा राग वेळेच्या हिशेबाचा आहे. नागपूरचं २०२४ चं हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर एवढंच चाललं. सगळीच विधेयकं समितीकडे जात नाहीत. पुष्कळशी मांडली जातात आणि त्याच अधिवेशनात मंजूर होतात, म्हणजे नागरिकाला मसुदा मिळून वाचून होईपर्यंत विषय संपलेला असतो. केंद्रानं २०१४ मध्ये धोरण ठरवलं की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. ते केंद्रातही नीट पाळलं जात नाही आणि राज्यांना लागू नाही. भाषेचंही तेच. २०२० मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासण्याच्या, केंद्राच्या अधिसूचनेचा मसुदा टाळेबंदीच्या काळात फक्त इंग्रजी-हिंदीत आला. ज्या कोकणातल्या मच्छीमारावर प्रकल्पाचा बोजा पडणार त्याला तो वाचताच येऊ नये! दिल्ली उच्च न्यायालयानं ३० जून २०२० ला मुदत वाढवून तो संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत आणायला सांगितलं, ते कोणी तरी कोर्टाची पायरी चढलं म्हणून.

माझी मागणी साधी आहे. महाराष्ट्रात कोणतंही विधेयक मांडण्याआधी किमान ३० दिवस त्याचा मराठी मसुदा विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असावा. आलेल्या हरकतींपैकी कोणत्या स्वीकारल्या, कोणत्या नाकारल्या आणि का, हे विधेयकासोबत सभागृहात ठेवावं. आपत्कालीन विधेयकाला सूट द्या, पण त्याचं कारण लेखी द्या.

पुढच्या अधिवेशनाआधी मी याच मागणीचं पत्र आमच्या आमदारांना आणि पदवीधरच्या आमदारांना देणार आहे. तुम्ही तुमच्या शब्दांत तुमच्या आमदारांना द्या. पोच मिळाली की इथे कमेंटमध्ये फक्त मतदारसंघाचं नाव लिहा. एकाच मतदारसंघातले चार-पाच जण निघाले तर मी त्यांची गाठ घालून देईन, म्हणजे भेटीची वेळ एकत्र मागता येईल.