पॉझ द्यायला यांचं काय जातं?

'ब्लडबोर्न' या व्हिडिओ गेममध्ये पॉझच नाही. ऑनलाइन असतो म्हणून थांबवता येत नाही, हे मला कुणी सांगू नका. इंटरनेट बंद करून एकटे खेळा, तरी मेनू उघडल्यावर मागून कुऱ्हाड बसतेच! हा गेम बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीनेच २०१९ मध्ये 'सेकिरो' या गेममध्ये पॉझ दिला ना? मग जमतं की यांना.

आमच्याकडे देवगडात मे महिन्यात अंगणभर कोकमाची सोलं सुकत घातलेली असतात. आभाळ भरून आलं की आई ओरडणारच, "पाऊस इलो रे, सोलां आत घी!" तेव्हा काय सांगू, आई, थांब, गेममधला बॉस, म्हणजे मोठा शत्रू, फादर गॅसकॉइन आता जनावर झालाय? उठावंच लागतं. परत येईपर्यंत मी मेलेलो. आणि वाऱ्याने झावळ तारेवर पडून लाइट गेली, तर बॉसची अख्खी लढाई पहिल्यापासून.

मेल्याचं दुःख नाही हो. मरायलाच बसतो आपण तिथे. संताप येतो तो जखमा भरून काढणाऱ्या रक्ताच्या कुप्यांचा. एरवी जवळ २०च ठेवता येतात आणि संपल्या की संपल्या. यांच्याच 'डार्क सोल्स' गेममध्ये शेकोटीपाशी बसलं की औषध परत भरतं, इथे मात्र बॉसकडून हरलात की जुन्याच गल्लीत जाऊन तीच माणसं मारत कुप्या गोळा करा. ज्याला खेळ जमत नाही त्यालाच ही हमाली! याला अवघड म्हणत नाहीत, याला वेळ खाणं म्हणतात. दिवा म्हणजे मेल्यावर जिथून परत सुरू होतं ती जागा; एका दिव्यावरून दुसऱ्यावर जायलाही आधी हंटर्स ड्रीम या मधल्या तळावर जायचं, म्हणजे दोनदा लोडिंग.

आणि चीड याचीच जास्त येते की लढाई इतकी जबरदस्त आहे. मार बसला की मागे पळायचं नाही, लगेच उलटा वार करायचा, गेलेलं रक्त परत मिळतं. अंगावर धावून जायला शिकवणारा असा दुसरा गेम मी खेळलेलो नाही. करवतीचं हत्यार हल्ला करता करताच उघडून लांब होतं, त्याची मजा काही औरच. तासभर भटकून एक दार उघडावं आणि समोर पहिलाच दिवा दिसावा, असा नकाशा आखणारी माणसं ही. त्यांना एक बटण सुचत नाही?

"सराव कर, जमेल," म्हणणाऱ्यांनो, सराव करतोच आहे मी. सोलं भिजत असताना कसला सराव करू ते सांगा.