आधी स्केटिंग करणाऱ्यांना विचारा की!

पुन्हा तेच! नवा स्केटपार्क, म्हणजे स्केटबोर्ड खेळायची जागा, तयार झाला, फीत कापली, फोटो निघाले आणि पहिल्याच दिवशी मुलांनी कपाळाला हात लावला. उताराची गोलाई वेडीवाकडी, जोडांमध्ये फटी, काँक्रीट खरखरीत. अहो, स्ट्रीट स्केटिंगच्या, म्हणजे पायऱ्या-कठड्यांवर खेळायच्या, बोर्डचं चाक साधारण ५० ते ५५ मिलिमीटरचं असतं. एक खडा अडकला तरी बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे फेकला जातो! काठावरचा लोखंडी पाइप किंचित बाहेर आलेला लागतो, नाहीतर ग्राइंड, म्हणजे बोर्डखालचा धातूचा भाग घासत सरकणं, करायचं कशावर? पायऱ्यांआधी वेग घ्यायला जागा हवी, तर तिथे कुंपण!

हे कुठल्याही स्केटरने पाच मिनिटांत सांगितलं असतं. पण विचारतो कोण?

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात बर्नसाइड पुलाखाली १९९० मध्ये स्केटर्सनी परवानगीची वाट न बघता स्वतः काँक्रीट ओतायला सुरुवात केली. शहराने नंतर ते मान्य केलं आणि तो पार्क जगभर नावाजला गेला. लंडनच्या साउथबँक सेंटर या कलाकेंद्राखालची जागा सत्तरच्या दशकापासून स्केटर्सची, तीसुद्धा दुकानांसाठी घ्यायला निघाले होते. २०१४ मध्ये ती वाचली, कारण लोक नेटाने भांडले.

टोकियो ऑलिंपिकमध्ये १३ वर्षांच्या मुलीने सुवर्णपदक जिंकलं की सगळे टाळ्या वाजवणार. तेवढ्याच वयाची पोरं चौकातल्या कठड्यावर दिसली की मात्र कठड्याला लोखंडी खुंट्या ठोकायच्या, त्यांना हाकलून द्यायचं. मग त्यांनी सराव करायचा तरी कुठे?