लाल ग्रेव्हीखालचं पनीर

भाचीचं लग्न डिसेंबरात आहे, बडोद्याला. हॉल ठरला, भटजी ठरले, केटररपाशी गाडी अडली आहे. गेल्या रविवारी दादाने फोन स्पीकरवर टाकला आणि जर्मनीतल्या एर्लांगेनमधल्या माझ्या स्वयंपाकघरात बडोद्याच्या दांडियाबाजारातला सगळा वाद ऐकू यायला लागला. काकांचं म्हणणं, मराठी पंगतीत पनीर कशाला? अळूचं फतफतं आहे, बटाट्याची पिवळी भाजी आहे, मसालेभात आहे, मठ्ठा-जिलबी आहे. त्यात ते लाल पंजाबी प्रकरण ओतायचं कारण काय? वहिनीचं म्हणणं, नवऱ्यामुलाकडची निम्मी माणसं गुजराती. पनीर नसेल तर मेनूत काहीच नव्हतं म्हणत घरी जातील. दादाला या दोघांपेक्षा वेगळी काळजी. केटररने ताटाचा जो भाव लावलाय त्यात पनीर खरं बसेल कसं?

‘आत्याला विचारा,’ भाची म्हणाली. फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. मग आठवडाभर भांडी घासताना, ट्रेनमध्ये, तेच डोक्यात होतं.

दादाची काळजी अजिबात खोटी नाही. २०२५च्या मार्चमध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेत नकली पनीरचा प्रश्न गाजला आणि तेव्हापासून घरच्या ग्रुपवर दर आठवड्याला एखादा तरी व्हिडिओ येतो. ‘अॅनालॉग पनीर’ म्हणजे दुधाच्या फॅटच्या जागी पामतेलासारखं वनस्पती तेल, जोडीला दूध पावडर, कधी स्टार्च, असं करून पाडलेला ठोकळा. तो विकणं हा गुन्हा नाही; तो ‘पनीर’ म्हणून विकणं हा आहे. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमात पनीर दुधाचंच असतं. नेहमीच्या पनीरमध्ये पाणी ६० टक्क्यांहून जास्त नको आणि पाणी वगळून जे उरतं त्यात निदान ५० टक्के दुधाचं फॅट हवं. पाकीट असेल तर हे वाचता येतं. पण वाढलेल्या भाजीला पाकीट कुठलं?

त्यावर उपाय म्हणून हॉटेलात आयोडीनची बाटली घेऊन बसणारी तरुण मुलं मी व्हिडिओत पाहते. त्यांची तळमळ मला समजते, पण ती परीक्षा अपुरी आहे. आयोडीनने तुकडा निळा पडला तर त्यात स्टार्च आहे, एवढंच कळतं. तळण्याआधी कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवलेलं अस्सल पनीरही निळं पडेल, आणि स्टार्च न घालता पामतेलावर केलेला ठोकळा त्या परीक्षेत बिनबोभाट पास होईल. त्यापेक्षा दादाने बोटांवर केलेला हिशेब भरवशाचा. किलोभर पनीरला म्हशीचं दूध लागतं पाचेक लिटर. आजच्या भावाने नुसत्या दुधाचेच तीनशेच्या वर जातात. त्यावर गॅस, मजुरी, बर्फ, टेम्पो. आणि केटरर ज्या भावाचं पनीर धरून चालला आहे तो भाव दुधाच्याही खाली आहे.

मी इथे २००८ला आले. दुसऱ्याच वर्षी जर्मनीत असाच गदारोळ उठला, आणि गंमत म्हणजे शब्दही हाच होता. ‘आनालोग-केझ’, अॅनालॉग चीज. दुधाचं फॅट काढून वनस्पती तेल घातलेलं. टीव्हीवर रोज चर्चा, ग्राहक संघटनांच्या याद्या, बेकरीत लोक पाव उलटासुलटा करून बघायचे. पुढे युरोपात नियम आला आणि २०१४च्या डिसेंबरपासून लागू झाला: एखाद्या पदार्थात लोकांना जे अपेक्षित आहे त्याऐवजी दुसरं काही घातलं असेल, तर ते मागच्या बाजूला बारीक टाइपात लपवायचं नाही. पदार्थाच्या नावाला लागून लिहायचं, आणि अक्षरं नावाच्या अक्षरांच्या निदान तीनचतुर्थांश उंचीची हवीत. २०१७मध्ये युरोपीय न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. निव्वळ वनस्पतींपासून केलेल्या पदार्थाला ‘दूध’, ‘चीज’, ‘लोणी’ म्हणून विकायचं नाही, पुढे ‘सोयाचं’ किंवा ‘टोफूचं’ असा खुलासा जोडला तरी नाही.

हे नियम मला मनापासून आवडतात. अक्षराची उंची ठरवणारा कायदा म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांची काळजी घेणारा कायदा. आपल्याकडच्या मेनूकार्डावर, केटररच्या कोटेशनवर असं काही आलं तर निम्मा प्रश्न सुटेल.

पण २००९मधली दुसरी एक गोष्ट माझ्या मनात जास्त घट्ट बसली. ते नकली चीज सापडत कुठे होतं? पिझ्झावर. वरून चीज भुरभुरून भाजलेल्या पावांवर. म्हणजे जिथे खाली टोमॅटो, वर ओरेगॅनो आणि भोवती भट्टीची आच. रात्रीच्या जेवणाला लाकडी पाटावर नुसतं कापून ठेवतात त्या चीजमध्ये ते नव्हतं. तिथे टिकणारच नाही. माझी शेजारीण, ऐंशीची बाई, पहिल्याच तुकड्याला पाट परत सरकवेल.

माझ्या मते आपल्या पनीरचं दुखणं नेमकं इथे आहे. काकांना वाटतं पनीर पंगतीत आलं म्हणून बिघडलं. मला वाटतं पनीरबरोबर एकच एक लाल ग्रेव्ही आली म्हणून बिघडलं. काजू, टोमॅटो, साय, कसुरी मेथी, रंग. नावं बदलतात, आज अंगारा, उद्या तुफानी, पातेलं तेच. त्या पातेल्यात चौकोनी पांढरं काहीही बुडवा, खाणाऱ्याला कळत नाही. जिथे कळत नाही तिथे स्वस्त माल शिरणारच. पंजाबला यात दोष देऊ नये. तिथल्या घरांतलं मटार-पनीर पातळ रश्श्याचं असतं, घरच्या दुधाचं पनीर त्यात सहज ओळखू येतं. ही जाड मखनी म्हणजे फाळणीनंतर दिल्लीच्या हॉटेलांत घडलेली गोष्ट. हॉटेलांनी ती देशभर नेली, इथे एर्लांगेनलाही आणली. मी राहते तिथून चालत जाण्याच्या अंतरावर दोन भारतीय हॉटेलं आहेत आणि दोन्हींकडे पनीरच्या सात-आठ भाज्या आहेत. चव एकच.

खरं पनीर मी पहिल्यांदा खाल्लं ते भाजीत नव्हेच. बाबा बँकेत होते आणि मी सातेक वर्षांची असताना त्यांची बदली नवसारीला झाली. (नवसारी तशी आम्हा बडोदेकरांना परकी नाही, गायकवाडांच्या संस्थानातलाच तो प्रांत.) बाबा शनिवारी रात्री घरी यायचे, आणि महिन्यातून एकदा त्यांच्या हातात कडीचा स्टीलचा डबा असायचा. शेजारच्या पारशी बाईंनी दिलेलं टोपली पनीर. आई डबा ओट्यावर ठेवून झाकण काढायची आणि आम्ही दोघं वाकून बघायचो. हिरवट पिवळ्या पाण्यात तळहाताएवढ्या चार-पाच पांढऱ्या वड्या तरंगत असत. गोल, खाली निमुळत्या होत गेलेल्या, अंगावर वेताच्या टोपलीची वीण जशीच्या तशी उठलेली. झाऱ्याने उचलली की वडी थरथरायची. कापायला जावं तर सुरीच्या मागोमाग पाणी सुटायचं. मीठ त्या पाण्यातलंच. दादा त्यावर मिरपूड घालायला गेला तर बाबा त्याचा हात धरायचे.

याच घराण्यातलं सुरती पनीर, तेही पाण्यात ठेवलेलं, मऊ. दोन्हींना लिंबू-व्हिनेगर लागत नाही. कोमट दुधात रेनेट, म्हणजे दूध जमवणारं द्रव्य, घालायचं आणि भांडं अजिबात हलवायचं नाही. दूध फाटत नाही, जमतं. आजी मात्र ते खात नसे. कोंबडीच्या पोटातलं अस्तर वाळवून त्याने दूध जमवायची जुनी रीत तिला ठाऊक होती. आम्हाला ती प्रेमाने वाढायची, स्वतः हात धुऊन बाजूला बसायची. इथे सूक्ष्मजीवांपासून केलेलं शाकाहारी रेनेट छोट्या बाटलीत मिळतं. पहिल्यांदा घरी वडी जमली तेव्हा मला आधी आजीच आठवली.

हे पनीर नकली करून दाखवा! त्याला ग्रेव्ही नाही, मसाला नाही, तळण नाही. दूध, मीठ आणि हात.

इथे आल्यावर पहिली काही वर्षं मी पनीरवरून रडकुंडीला आले होते. टिकलेल्या दुधाचं, म्हणजे महिनोन्‌महिने कपाटात राहतं त्या दुधाचं, पनीर भुसभुशीत होतं. मग गावाबाहेरच्या गोठ्यावरच्या दुधाच्या यंत्राचा शोध लागला: नाणी टाका, बाटली लावा, कच्चं दूध घ्या, वर पाटी, ‘उकळूनच प्या’. तरीही तुकडे पडेनात, कढईत मोडायचे. कारण दूध गायीचं. बडोद्याच्या म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के फॅट, इथल्या गायीच्या दुधात चारच्या आसपास, आणि लिटरला जेमतेम दीडशे ग्रॅम पनीर. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बंगाली बाईंनी माझं ते मोडकं पनीर पाहिलं आणि म्हणाल्या, अगं, या दुधाचं पनीर कशाला करतेस? छाना कर.

त्यांनी शिकवलं ते असं. दूध उकळलं की उतरवायचं, थोडं निवू द्यायचं, मग कालच्या फाटल्या दुधाचं आंबट पाणी पळी-पळीने सोडायचं. फडक्यात बांधायचं, पण वर वजन ठेवायचं नाही. आणि मग परातीत घेऊन तळहाताच्या टाचेने मळत राहायचं. ‘किती?’ मी विचारलं. ‘हाताला तूप लागेपर्यंत.’ दहा मिनिटांनी खरोखर तळहात चमकायला लागला. गायीच्या दुधाचा छाना मऊ मळला जातो म्हणूनच बंगाल रसगुल्ल्याला गायीचं दूध पसंत करतो. पंजाबी पनीरला जे उणं तेच तिथे दुणं. त्या छान्याचे गोळे हलके तळून, आलं-जिऱ्याच्या पातळ रश्श्यात बटाट्याबरोबर सोडतात, तो छानार दालना. कांदा नाही, लसूण नाही. घासागणिक दूध लागतं. ओडिशात तोच छाना साखर घालून पानांत गुंडाळून भाजतात, छेना पोडा, कडा जळकट तपकिरी होईपर्यंत.

काश्मिरी पंडितांचं पिवळं चामनही असंच उघडं. पनीरचे तळलेले तुकडे हळद, बडीशेप, सुंठ, वेलची आणि दूध यांच्या पातळ पिवळ्या रसात मुरत ठेवायचे. टोमॅटोसुद्धा नाही.

आता काकांचा मुद्दा, पनीर आपलं नाही हा. त्यात तथ्य आहे, आणि ते आपल्या भाषेतच आहे. मराठीत दूध नासतं. नासलं म्हणजे वाया गेलं, अशुभ झालं. आम्ही बडोद्याचे मात्र गुजरातीच्या शेजाराने ‘दूध फाटलं’ म्हणतो, त्यात तेवढी हळहळ नाही. आणि दूध जमवून खायला मराठी माणूस कधी नको म्हणाला? खरवस काय आहे मग? गुजराती शेजारी त्याला बळी म्हणतात आणि वाडगा पुढे करतात. आई तर फाटलेलं दूध टाकतच नसे. एरवी साखर घालून आटवायची, पण पाहुण्यांनी नाश्त्याला काही हवं म्हटलं की फडक्यात बांधलेला तोच चुरा पोह्यांसारखा करायची. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हिरवी मिरची. गॅस बंद करून मग चुरा, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू. पनीर नव्हे, ‘फाटल्या दुधाचे पोहे’ म्हणायचो आम्ही. मी आजही करते. मुलं शाळेत नेतात.

तेव्हा भाचीला मी लांबलचक निरोप पाठवला. लाल भाजी काढा. काकांचं फतफतं, पिवळी भाजी, मसालेभात राहू द्या, तेच जेवण आहे. पानाच्या डाव्या बाजूला, लिंबू-मीठ-कोशिंबिरीशेजारी, सुरती पनीरची एक वडी वाढा. नुसती. वरून काही नको. किलोने बघाल तर महाग पडेल, पण पानात एकच जाणार आहे, आणि ग्रेव्हीचे काजू वाचतील ते वेगळेच. गुजराती व्याह्यांना सुरतेचं पनीर ओळखीचं, त्यांचा मान राहील. मराठी मंडळींना डाव्या बाजूला काय वाढलंय ते चाखून बघायची सवयच आहे.

वहिनीला आधी पटलं नाही. ‘भाजी कुठंय असं विचारतील हो,’ असा तिचा निरोप आला. काकांनी अंगठा पाठवला, त्यांच्याकडून हे खूप झालं. दादा परवा केटररकडे जाऊन बसला. केटरर म्हणाला, होईल, पण लग्नाच्या दिवशी पहाटे सुरतेहून कॅनमधून आणावं लागेल, पाण्यासकट, आणि दुपारच्या पंगतीपलीकडे मी ठेवणार नाही. बिलावर ‘दुधाचं पनीर’ असं लिहून देशील का, हे दादाने दोनदा विचारलं. तो हो म्हणाला.

आज सकाळी वहिनीचा पुन्हा मेसेज होता. पानात एक अख्खी वडी वाढायची की अर्धी, आणि अर्धी करायची तर ती कापायची कशी, पाणी सुटतं ना?