ट्रिगर थोडा हलका, फटका मात्र फुसका

‘घरच्या घरी ट्रिगर हलका करा, दहा गुण वाढवा’ हा मेसेज काही आठवडे नेमबाजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. काल तो माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि ती पक्कड शोधायला लागली, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

मेसेजात पाच दावे आहेत. हॅमरच्या (फायरिंग पिनवर आपटणाऱ्या हातोडीच्या) स्प्रिंगचे दोन वेढे कापा. सीअरला (चढवलेला हॅमर अडवून धरणाऱ्या खाचेला) बारीक कानस मारा. ट्रिगरचं वजन, म्हणजे तो दाबायला लागणारा जोर, 500 ग्रॅमवर आणा, ‘कॉम्पिटिशनला तेवढंच लागतं’. तरीही मिसफायर झाला, म्हणजे ट्रिगर दाबूनही गोळी सुटली नाही, तर दोष गोळ्यांचा. आणि मिसफायरला घाबरू नका, शॉट परत मिळतो. हे सगळं 25 मीटरच्या .22 सेमी-ऑटो पिस्तुलाबद्दल.

सगळ्यात घातक दावा स्प्रिंगचा, म्हणून आधी तोच.

.22च्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागी टोपी नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेच्या पोकळीत असतो. फायरिंग पिनने ती कड चेंबरच्या (काडतूस बसतं त्या कप्प्याच्या) काठावर चेपली, तीही जोरात आणि झटक्यात, तरच तो पेटतो. हा झटका हॅमरचा, आणि हॅमरची ताकद स्प्रिंगची. आता साधं गणित करू. समजा स्प्रिंगला 10 वेढे आहेत आणि मोकळी लांबी 30 मिमी, म्हणजे वेढ्यामागे 3 मिमी. हॅमर खाली असताना ती 10 मिमी दाबलेली असते, चढवताना आणखी 8 मिमी दाबली जाते. दोन वेढे कापले की लांबी 6 मिमीने घटते, म्हणजे आधीचा दाब 10 वरून 4 मिमीवर येतो. मात्र वेढे कमी झाल्याने स्प्रिंग सव्वापट कडक होते. हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. हिशेब मांडला तर चढवलेल्या हॅमरचा सीअरवरचा जोर 17 टक्क्यांनी उतरतो आणि फटक्याची ऊर्जा 29 टक्क्यांनी. बोटाला मिळालं थोडं, गेलं जवळजवळ दुप्पट. प्रत्येक पिस्तुलाचे आकडे वेगळे असतील, पण स्प्रिंग कापली की तोटा याच बाजूला होतो.

एवढ्यावर भागत नाही. या पिस्तुलांत गोळी सुटल्यावर स्लाइड किंवा बोल्ट (मागेपुढे सरकणारा भाग) मागे येताना हॅमर पुन्हा चढवतो, म्हणजे हॅमर स्प्रिंग त्याला अडवूनही धरते. ती कापून हा अडसर कमी केला की बोल्ट जोरात मागे आदळतो, ते आदळणं झेलणारा बफर लवकर झिजतो आणि काडतुसाची रिकामी केस वेडीवाकडी उडते. मग लोक बोल्टला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग बदलायला निघतात. एका दुखण्यावर दुसरं.

अर्धं सत्य कबूल करतो: हॅमर स्प्रिंगचा ट्रिगरच्या वजनात वाटा असतो. पण स्पर्धेच्या पिस्तुलात वजन कमी-जास्त करायला वेगळे स्क्रू दिलेले असतात: पहिल्या टप्प्याचं (ट्रिगर अडेपर्यंतचं) वजन, दुसऱ्या टप्प्याचं (तिथून शॉट सुटेपर्यंतचं) वजन, सीअरची पकड आणि शॉट सुटल्यावर ट्रिगर थांबवणारा स्टॉप. हॅमर स्प्रिंगला हात न लावता नियमाच्या किमान 1000 ग्रॅमपैकी 700-750 पहिल्या टप्प्यात आणि उरलेले दुसऱ्यात टाकले की बोटाला शेवटी 250-300 ग्रॅमच जाणवतात. ‘हलका’ वाटणारा ट्रिगर असाच बनतो.

सीअरला कानस? मुळीच नाही. त्या पृष्ठभागाची कडक कातडी पातळ असते. ती घासून गेली की खालचं मऊ लोखंड काही शे शॉटमध्ये गोल होतं. आणि कोन किंचित जरी बिघडला तर बोल्ट पुढे आपटताना सीअर निसटतो, हॅमर बोल्टच्या मागोमाग खाली येतो. मग एकतर अर्धवट फटका, म्हणजे मिसफायर, नाहीतर ट्रिगर न दाबता सुटलेली गोळी. पकड कमी करायचीच तर मॅन्युअलमधल्या स्क्रूने, एका वेळी आठवा हिस्सा फेरा. प्रत्येक फेऱ्यानंतर रेंजवर, नळी टार्गेटकडे, चेंबर रिकामा आहे हे दोनदा बघून, बोल्ट पूर्ण ओढून सोडायचा. असं दहा वेळा. एकदा जरी हॅमर आपोआप पडला तर स्क्रू मागे घ्यायचा. मग मॅगझिनमध्ये एक गोळी, नंतर दोन, आणि मगच पाच. पहिल्याच चाचणीला पाच भरणाऱ्याला पिस्तूल स्वयंचलित झाल्याचं, म्हणजे एका दाबात गोळ्या सुटतच राहिल्याचं, फार उशिरा कळतं.

500 ग्रॅमचं तर हसूच येतं. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमपुस्तकात 500 ग्रॅम ही 10 मीटर एअर पिस्तुलाची किमान मर्यादा आहे. 25 मीटरला 1000 ग्रॅम. राही सरनोबतने 2018च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकलं त्या प्रकाराला हाच नियम. वजनाची मर्यादा नव्हती ती 50 मीटर फ्री पिस्तुलाला, आणि तो प्रकार रिओनंतर ऑलिम्पिकमधून गेला. गोंधळ बहुधा तिथूनच आला असावा. तपासणीत नळी उभी धरून वजन ट्रिगरच्या मध्यावर अडकवतात आणि उचलतात; तीन प्रयत्नांत ट्रिगर न सुटता उचललं गेलं नाही तर पिस्तूल नापास. स्पर्धेनंतरच्या तपासणीत असं झालं तर खेळाडू बाद. म्हणून 1000वर टेकवू नका, 1030-1050 ठेवा. मळ, तेल आणि झीज यांनी आकडा सरकतो.

गोळ्यांवर खापर फोडण्याआधी न सुटलेलं काडतूस हातात घेऊन बघा. कडेवरची खूण उथळ असेल तर फटका कमी पडला, किंवा काडतूस पूर्ण आत बसलं नव्हतं आणि पहिला फटका ते आत ढकलण्यातच गेला. खूण खोल आणि स्वच्छ असूनही सुटलं नसेल तर गोळीवर संशय घ्या. खराब लॉट असतात, हे खरं. पण वेगवेगळ्या लॉटमध्ये उथळ खुणा दिसत असतील तर कारण पिस्तुलात आहे: फायरिंग पिनच्या खोबणीत साचलेलं मेण आणि न जळलेली पावडर, घट्ट झालेलं तेल, किंवा रिकाम्या चेंबरवर ड्राय फायर करून चेपलेला काठ. ती खोबण सॉल्व्हंटने धुऊन जवळजवळ कोरडी ठेवायची. मिसफायर झाला की नळी टार्गेटकडे ठेवून निदान 30 सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. काही गोळ्या उशिरा सुटतात.

‘शॉट परत मिळतो’ हेही अर्धंच. स्पर्धेत मिसफायर मान्य होऊ शकतो, पण पिस्तूल टार्गेटकडे धरून, मोकळा हात वर करून अधिकाऱ्याला बोलावलं तर. घाईत स्वतःच बोल्ट ओढला की दावा संपला. आणि 30 शॉटच्या एका टप्प्यात ही सवलत एकदाच. कापलेली स्प्रिंग एकदाच दगा देऊन थांबत नाही.

आणखी एक: गल्लीतल्या लेथवाल्याकडे पिस्तूल नेण्याचा सल्लाही मेसेजात शेवटी आहे. शस्त्र कायदा 1959च्या कलम 5 प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती परवान्याशिवाय करता येत नाही. त्या बिचाऱ्याला कशाला अडकवता?

ज्यांनी वेढे आधीच कापलेत त्यांनी ती स्प्रिंग ताणून परत बसवू नये. ताणलेली स्प्रिंग लवकरच पुन्हा दबून आखूड होते आणि दर शॉटला वेगळा फटका देते. त्याच मॉडेलची कंपनीची नवी मागवा, आणि ती येईपर्यंत क्लबच्या पिस्तुलावर सराव करा.